अनुभव धागा : चिनी शेजारणी, मैत्रिणी आणि मॅमोग्राम

सिडनी (धागा काढणारी) :
आमच्या शेजारी ग्वांगझूच्या एक आजी राहतात. ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी मोफत मॅमोग्रामला (स्तनाचा कर्करोग लवकर कळावा म्हणून स्तन दाबून काढायचा एक्स-रे) बोलावतात. आजींना आलेली दोन पत्रं फ्रिजवर चुंबकाखाली तशीच आहेत. "दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला?" साताऱ्याची माझी आईही हेच म्हणते. तुमच्या ओळखीत चिनी बायका असतील तर अनुभव लिहा. मला आजींना न्यायचंच आहे.

टोरांटो :
मी मॅमोग्राफी टेक्निशियन आहे. हाँगकाँग, ग्वांगडाँगकडच्या बायका खूप येतात. पहिला प्रश्न ठरलेला : आत बाईच असेल ना? हो म्हटलं की निम्मं काम होतं.

खरी अडचण दुभाष्याची. एक काकू मुलाला घेऊन आल्या. त्याने संकोचून "छातीचा एक्स-रे" एवढंच सांगितलेलं, त्यामुळे काकू फुप्फुसं तपासायला आल्या होत्या! गाठ लागते का, घरात कुणाला होता का, मुलासमोर सगळ्याला "नाही". त्याला बाहेर बसवलं, फोनवर बाई दुभाषी घेतली, तेव्हा कळलं की थोरली बहीण याच आजाराने गेली. दुभाषी मागताना कँटोनीज की मँडरिन, कोणती चिनी भाषा हवी हे नक्की सांगा. चुकीची भाषा आली तरी भिडेपोटी मान डोलावत राहतात.

कॅलिफोर्निया :
माझी सहकारी चेंगदूची. ती सांगते, मँडरिनमध्ये पूर्वी कर्करोग आणि दाह या शब्दांचा उच्चार एकच होता. घोटाळा नको म्हणून कर्करोगाचा बदलला. तिची आई तोही उच्चारत नाही, "तो वाईट आजार" म्हणते. नववर्षाच्या दिवसांत तर नावच नको. आपल्याकडे वास्तू तथास्तु म्हणते ना, तसंच. मी नववर्षाच्या शेवटचा कंदिलांचा सण होईपर्यंत थांबले, मग तिच्या आईंकडे विषय काढला. तपासणीला आल्या.

लंडन :
सगळं संस्कृतीवर ढकलू नका, कळकळीने सांगते. माझी फुजियानची मैत्रीण हॉटेलच्या भटारखान्यात आठवड्याचे सहा दिवस उभी असते. सुट्टी घेतली की पैसे कापतात. शिवाय चीनमध्ये २००९ पासून ग्रामीण बायकांची मोफत तपासणी सुरू झाली, तिच्यात भर सोनोग्राफीवर. तिथून आलेली बाई "दाबायचं मशीन नको, सोनोग्राफी करा" म्हणते ती अनुभवातून. तिला अडाणी ठरवू नका. सोनोग्राफीत सहसा न दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण, जे कधीकधी कर्करोगाची पहिली खूण असतात, मॅमोग्राममध्ये दिसतात, हे समजावून सांगा.

न्यू जर्सी :
शेजारणीला आम्ही वर्षभर सांगत होतो. तिच्या चिनी डॉक्टरीणबाईंनी एकदाच सांगितलं, आठवड्यात जाऊन आली.

सिडनी :
टोरांटोच्या ताई, कँटोनीज बोलणारी बाई दुभाषी मागितली, मिळाली. वेळ ४ तारखेची मिळत होती. आजी नको म्हणाल्या, चारचा उच्चार मरणाच्या शब्दाजवळ जातो. ८ ची घेतली. आतल्या दारापर्यंत मी सोबत आहे.