कूलर म्हणजे कोणता कूलर?

शनिवार, २३ मे

३०२ काकू: कोणाला कॉम्प्युटरमधलं कळतं का जी? कूलरचा प्रॉब्लेम वाटतो. वीस मिनिटं चालतो न् फटकन बंद. ५ जूनच्या लग्नाची पत्रिका अर्धी सेट होऊन पडली आहे.

२०१ वहिनी: आमच्या कूलरवाल्याला सांगते. मोटर बघेल, ताट्या पण बदलून देईल. वाळ्याच्याच घ्या.

३०२ काकू: अगं, कॉम्प्युटरचा म्हणतेय मी.

२०१ वहिनी: सांगितलं त्याला. येतो म्हणाला.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ७ ते ९ टाकी सफाई आहे. बादल्या भरून ठेवाव्यात. ग्रुपवर शक्यतो सोसायटीचेच विषय घ्यावेत.

५०३: विंडोज १० असेल काकू. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. त्यानेच बंद पडत असेल.

४०४: सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे अपडेट थांबले, त्याने मशीन बंद पडत नाही बावा. काकू, जाताना निळा स्क्रीन येतो की लाइट गेल्यासारखा जातो?

३०२ काकू: लाइट गेल्यासारखा. लगेच चालू केला तर दोन मिनिटांत परत जातो. अर्धा तास थांबलं की पुन्हा वीस मिनिटं मिळतात. दुकानात नेला तर मदरबोर्ड गेला म्हणाले. नऊ हजार.

४०४: नऊ हजार देऊ नका. निवल्यावर चालतो म्हणजे बोर्ड मेलेला वाटत नाही, गरम होऊन राहिला. चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, बायोस उघडेल, विंडोजच्या आधीचा सेटिंगचा स्क्रीन. त्यात सीपीयू टेंपरेचर, म्हणजे मुख्य चिपचं तापमान, दिसेल. काही बदलू नका, फक्त आकडा सांगत राहा.

३०२ काकू: ६८

३०२ काकू: ८१ झाले

३०२ काकू: ९७. गेला बंद पडून.

४०४: सापडलं. काही काम न करता नुसतं बायोस उघडून ९७ म्हणजे फारच झालं. तुमची चिप इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आहे, मीच विंडोज टाकून दिलं होतं. तो शंभरच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो. फाइल उघडायला उशीर लागतो म्हणत होता न, ते हेच. तेवढ्याने भागलं नाही की जळू नये म्हणून मशीनच बंद होतं.

५०३: मग डेझर्ट कूलरसमोर ठेवा सरळ. बाहेर ४५ आहे आज. परवापासून तर नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस.

१०१ काका: अजिबात नाही. कूलरच्या हवेत बोअरच्या पाण्याचे तुषार येतात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो पाहिला का? तोच आत बोर्डावर बसेल. धूळ ओली झाली की लगदा होतो, मग ब्लोअरनेही निघत नाही.

३०२ काकू: पण पंखा तर फिरून राहिला जी. उलट जास्तच फिरतो, विमान उडाल्यासारखा आवाज येतो.

१०१ काका: ताई, हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात तीस वर्षं हेच ऐकलं. गाडी गरम होते म्हणून आणायची न् ड्रायव्हर म्हणायचा, पंखा तर चालू आहे साहेब. रेडिएटरच्या जाळीत बोट घातलं की निघायचा भुसा.

४०४: काका बरोबर सांगतात. पंखा ओरडतो तो गरम झालं म्हणूनच. चिपच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो, हीटसिंक. चिपची उष्णता आधी त्या ठोकळ्यात जायला पाहिजे, मग पंखा ती उडवणार. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण मधे बारीक फटी राहतात. त्यात हवा, न् हवा उष्णता वाहून न्यायला एकदम ढ. म्हणून तिथे थर्मल पेस्ट भरतात. तुमची पेस्ट इतक्या वर्षांत वाळून पापड झाली असणार.

३०२ काकू: मग हिवाळ्यात काहून नाही झालं?

४०४: तीच तर गंमत आहे. हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोलीच्या वर किती अंश चढायचं एवढंच त्याच्या हातात. समजा नवा असताना कामाच्या वेळी ४० अंश वर चढायचा. डिसेंबरात खोली २२, म्हणजे ६२. आता खोली ३८, म्हणजे ७८. चालतं. पण धुळीने न् वाळलेल्या पेस्टने त्या ४० चे ६० झाले असतील तर? डिसेंबरात ८२, कोणाला पत्ताही लागत नाही. मे मध्ये ९८. बिघाड जुनाच असतो, ऊन फक्त दाखवून देतं. तुमचा तर ६० च्याही पुढे गेलेला दिसतो.

२०१ वहिनी: माझ्या भाच्याने त्या जागी टूथपेस्ट लावली होती. चालला म्हणे.

४०४: आठवडाभर चालला असेल वहिनी. त्यातलं पाणी उडून गेलं की नुसता खडू उरतो.

५०३: हा मेसेज डिलीट केला गेला

४०४: काकू, कॅबिनेट ठेवलंय कुठे?

३०२ काकू: टेबलाच्या कप्प्यात. दार आहे त्याला, धूळ जाऊ नये म्हणून मी बंद ठेवते.

१०१ काका: म्हणजे इंजिन गोधडीत.

४०४: दार आत्ताच काढा. उद्या टाकी सफाई झाली की येतो. काका, तुमचा ब्लोअर घेऊन याल का?

रविवार, २४ मे

४०४: [फोटो] ३०२ चा हीटसिंक. पंखा वरून चकचकीत दिसतो. तो उचलल्यावर खाली हे निघालं. पात्यांवर राखाडी नमदा, करंजीच्या पुरीएवढा जाड. अख्खाच्या अख्खा उचलला गेला.

२०१ वहिनी: ई.

३०२ काकू: मी दर शुक्रवारी फडक्याने पुसते हो. वरून.

४०४: गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने गरागरा फिरतो न् बेअरिंग जातं. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर कोणी नेऊ नका, टाकीतलं पाणी हवेबरोबर येतं.

१०१ काका: खरी चोरी मी पकडली ते पण लिही.

४०४: हो, लिहितो. ठोकळा बोर्डाला चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसतो. काकांनी हात लावला तर एक कोपरा डुगडुगला. चौथी खुंटी वर आलेली होती. बोर्डाच्या मागून पाहिलं तर तीन भोकांतून खुंटीचे पाय बाहेर फाकलेले, चौथ्यातून काही नाही. दिवाळीत सर्व्हिसिंगला दिला होता तेव्हाच अर्धवट बसवला असणार. एका बाजूने ठोकळा चिपला धड टेकतच नव्हता.

१०१ काका: चाकाचा एक नट ढिला ठेवून गाडी सोडली.

३०२ काकू: आणि वर त्याचेच सर्व्हिसिंगचे पैसे घेतले.

५०३: नाव टाका न दुकानाचं.

सेक्रेटरी: कोणत्याही दुकानाचं नाव ग्रुपवर नको. टाकी सफाई झाली, पाणी सुरू आहे.

२०१ वहिनी: चिपवरचा तो जुन्या पेस्टचा पांढरा डाग कशाने पुसला? माझ्याकडे सॅनिटायझर पडून आहे, नेऊन देऊ का?

४०४: जेलवालं नको, त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट राहतं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं न् चष्म्याच्या फडक्याने पुसलं. ठोकळा काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवलं होतं, मग वायर काढून उघडलं. कोमट असताना पेस्ट सैल होते, ठोकळा हलकेच डावी-उजवीकडे पिळला की सुटतो. सरळ वर ओढू नका. एएमडी कंपनीच्या जुन्या चिपला खाली पिना असतात, ती ठोकळ्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येते. माझी तशीच आली होती, दोन पिना वाकल्या. त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

३०२ काकू: आणि पेस्ट किती लावायची यावर या दोघांचं अर्धा तास भांडण.

१०१ काका: मी म्हटलं भरपूर लावा, ग्रीस आहे.

४०४: ग्रीस नाही काका. धातूला धातू टेकू द्यायचा, पेस्टने फक्त फटी भरायच्या. थर जाड झाला तर तोच आडवा येतो. मधोमध मटारच्या लहान दाण्याएवढी ठेवली, दाबल्यावर आपोआप पसरली. मग खुंट्या समोरासमोरच्या, आधी दोन, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक्‌ असा आवाज ऐकूनच पुढची. बर्डीच्या बाजारातून पेस्ट आणली ती अडीचशेची, अर्धी नळी उरली आहे. कोणाला हवी असेल तर ४०४ ला या.

५०३: माझा लॅपटॉप पण तापतो रे.

४०४: गादीवर ठेवून चालवतोस न? हवा खालून घेतो तो. पाटावर ठेव, जेवायला घेतो त्या. तरी तापला तर पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० ची ९९ कर. टर्बो, म्हणजे चिपचा जादा वेग, बंद होतो, थोडा हळू चालेल पण थंड राहील.

५०३: पाट कोणाकडे आहे?

२०१ वहिनी: तीन आहेत. परत पाहिजे मात्र.

३०२ काकू: आकडे देते. बायोसमध्ये पंधरा मिनिटांनी ४९. पत्रिका, फोटो, सगळं उघडून तासभर काम केलं, ७६ च्या वर नाही गेला. खोलीत ३८. पंख्याचा आवाज इतका कमी की मी दोनदा वाकून पाहिलं, फिरतो की नाही.

१०१ काका: कप्प्याचं दार?

३०२ काकू: काढलं. त्यावर आता कणीक मळते.

४०४: वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, मला आठवण करा. उन्हाळा लागायच्या आत उघडू.

३०२ काकू: नक्की. पत्रिका छापायला गेली, तुला न् काकांना पुरणपोळी. आणि थांबा, दारात एक माणूस ताट्या घेऊन उभा आहे. कॉम्प्युटर कुठे लावलाय विचारतो. याला कोणी बोलावलं?

२०१ वहिनी: कालच सांगितलं होतं न. बसवून घे आता, वाळ्याच्या आहेत.