शब्दचर्चा : स्वन आणि स्वनिम

प्रश्न : भाषाविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत ‘स्वन’ आणि ‘स्वनिम’ असे दोन शब्द भेटतात. दोन्हींचा अर्थ ‘ध्वनी’च घ्यायचा का? आणि शाळेतला ‘वर्ण’ यांपैकी कोणता?

उत्तर : तोंडातून प्रत्यक्ष निघतो तो प्रत्येक भाषिक ध्वनी म्हणजे स्वन. त्यांतले जे ध्वनी बदलले की शब्दाचा अर्थ बदलतो, ते त्या भाषेचे स्वनिम. ‘पळ’ आणि ‘फळ’ घ्या. फरक फक्त प-फचा, पण शब्द दोन. अशा जोडीला न्यूनतम युग्म म्हणतात. मराठीत प आणि फ हे दोन स्वनिम आहेत, हे या एका जोडीने सिद्ध होते.

आता इंग्रजी बोलणाऱ्याचा ‘पिन’ नीट ऐका. तिथला प श्वास सोडत येतो, ‘स्पिन’मधला तसा येत नाही. स्वन दोन झाले, पण त्यांच्या अदलाबदलीने इंग्रजीत अर्थ बदलत नाही, म्हणून स्वनिम एकच. ती त्याची दोन स्वनांतरे. म्हणजे स्वन ओळखायला कान पुरतो, स्वनिम ठरवायला ती भाषा यावी लागते. लिहितानाही हा भेद पाळतात : स्वन चौकटी कंसात, स्वनिम दोन तिरक्या रेघांमध्ये.

‘वर्ण’ मात्र जपून वापरावा. तो शब्द ध्वनीसाठीही येतो आणि अक्षरासाठीही, आणि घोटाळा तिथेच होतो.

प्रश्न : मग ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च? अक्षर तर एकच आहे.

उत्तर : मला मराठीतले सर्वांत सुंदर उदाहरण हेच वाटते. ‘चमचा’तला च दंततालव्य, म्हणजे जीभ वरच्या दातांमागे टेकवून काढलेला; ‘चंद्र’तला तालव्य, म्हणजे जीभ टाळूला टेकवून काढलेला. जचेही तसेच. ‘तो जात नाही’ आणि ‘तो जात मानत नाही’ ही वाक्ये मोठ्याने म्हणा. पहिल्यातला ज दंततालव्य, दुसऱ्यातला तालव्य. ‘जग’ (जगणेचा आज्ञार्थ) आणि ‘जग’ (दुनिया) यांतही तेच. अर्थ बदलतो, म्हणून स्वनिम दोन, लिपीत खूण मात्र एकच. शिवाय ‘उंच’चे ‘उंची’ किंवा ‘माझा’चे ‘माझी’ झाले की पुढच्या ईमुळे दंततालव्य उच्चार आपोआप तालव्य होतो. हे कुणी शिकवावे लागत नाही. परभाषिक विद्यार्थी इथेच अडखळतो, आणि आपली पाठ्यपुस्तके त्याला पुरेशी मदत करत नाहीत.

उलट प्रकारही आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहितो वेगळे, बोलताना बहुतेकांचा उच्चार सारखाच. ‘श’ आणि ‘ष’चेही तसेच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात त्या मुलांच्या आळसामुळे नव्हे. जो भेद कानाला मिळत नाही तो डोळ्यांनी पाठ करावा लागतो.

आणखी एक प्रश्न : न आणि ण यांचे काय? आमच्याकडे ‘पानी’च म्हणतात.

उत्तर : प्रमाण मराठीत ‘मन’ आणि ‘मण’ वेगळे, म्हणून न आणि ण दोन स्वनिम. ज्या बोलीत सगळीकडे न आहे, तिथे स्वनिम एक. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तोही असाच नियमाने. बोलीची स्वनिमव्यवस्था तिच्यापुरती पूर्ण असते. तिला अशुद्ध म्हणणे शास्त्राला धरून नाही, आणि वर्गात तर ते मुळीच म्हणू नये.