चौथीच्या मुलीला वस्तुमान-धारकतेची शाब्दिक उदाहरणं कशी शिकवावीत?

रानजाई
लेक चौथीत, मराठी माध्यम. उभी मांडून दिलेली वजाबाकी चटकन करते. तेच गणित शब्दांत आलं की गाडं अडतं. कालचं उदाहरण: 'डब्यात ५ लीटर तेल होतं. १ लीटर ७५० मिली वापरलं. किती उरलं?' आधी विचारते, "आई, बेरीज की वजाबाकी?" मग उत्तर आणलं ४ लीटर ७५० मिली. घरी काय करून घेऊ? डिजिटल काटा घ्यावा का?

फळा_खडू
चौथीलाच शिकवते. 'बेरीज की वजाबाकी' असं मुलं विचारतात, कारण 'एकूण' आलं की मिळवा, 'उरले' आलं की वजा करा, हे आपणच पाठ करून घेतो. ही सवय कृपया मोडा. तिला हे द्या: 'सुमनकडे २ किलो ३०० ग्रॅम बटाटे आहेत. ते रमाच्या बटाट्यांपेक्षा ८०० ग्रॅमने जास्त आहेत. रमाकडे किती?' 'जास्त' वाचून बरीच मुलं ३ किलो १०० ग्रॅम लिहून मोकळी होतात. पेन्सिल खाली ठेवायला सांगा आणि एवढंच विचारा, जास्त बटाटे कोणाकडे? मग दोन आडव्या पट्ट्या काढायच्या, सुमनची लांब, रमाची आखूड, आणि फरकावर ८०० लिहायचं. काय करायचं ते तिचं तिलाच दिसेल. १ किलो ५०० ग्रॅम. माझ्या वर्गात या पट्ट्यांइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झालेला नाही.

मापटं
पट्ट्यांना अनुमोदन. पण तेलाच्या उदाहरणात गोची हातच्याची आहे. एरवी हातचा घेतला की १० मिळतात, इथे एक लीटर सुटा केला की १००० मिली. म्हणून ५ लीटरचे आधी ४ लीटर १००० मिली करून घ्या, मग वजाबाकी. ३ लीटर २५० मिली. तसंच ३ किलो ५० ग्रॅमचे ग्रॅम करायला सांगून बघा. ३५० लिहिलं तर विचारा, ३ किलोचे नुसते ग्रॅम किती? ३००० म्हणाली की ३०५० ती स्वतःच सांगेल.

रानजाई
दोघांचे मनापासून आभार! पट्ट्या काढल्यावर बटाटे जमले. पण वजनाचा अंदाजच नाही तिला. दप्तर ४० किलोचं म्हणते.

फळा_खडू
मग काटा नंतर घ्या. काटा आकडा दाखवतो, पण हाताला वजन कळायला हवं. एक किलोची साखरेची पिशवी एका हातात, दुसऱ्या हातात कांदे. 'कमी की जास्त?' एवढंच विचारा. हँगरच्या दोन टोकांना सारख्या पिशव्या बांधल्या की तराजू झाला. वजनमाप म्हणून पाणी वापरा: ५०० मिली पाणी म्हणजे जवळजवळ ५०० ग्रॅम. बाटलीचं वजन कटवायला दुसऱ्या पिशवीत तशीच रिकामी बाटली ठेवा.

मापटं
पण लीटर म्हणजे किलोच, असं तिच्या मनात बसू देऊ नका. तेलाची एक लीटरची पिशवी वाचायला द्या, बहुतेकींवर ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेलं असतं. धारकतेसाठी उंच बरणी आणि पसरट पातेलं घ्या. जास्त कशात मावेल ते आधी तिला सांगू दे, मग औषधाच्या ५ मिलीच्या झाकणाने नाही, २०० मिलीच्या पेल्याने मोजा, नाहीतर कंटाळेल.