काकांच्या निधनानंतर पीएम किसानचा हप्ता काकूंना मिळू शकतो का?

पुसदकर:
माझे काका २०२३ च्या दिवाळीनंतर वारले. यवतमाळ जिल्ह्यात त्यांची पावणेदोन एकर कोरडवाहू जमीन असून काकू आजही त्यात कापूस आणि तूर घेतात. काकांना पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळत. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा पहिला हप्ता तेवढा त्यांनी पाहिला. त्यांच्यामागेही काही हप्ते खात्यात येत राहिले आणि मग थांबले. मृत्यूचा दाखला, पासबुक आणि आधारकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काकू चार वेळा तालुक्याला जाऊन आल्या, पण नीट उत्तर मिळाले नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला लाभ नाही, असे कोणी सांगितले, ते खरे आहे का?

निवृत्त महसूल कर्मचारी:
ती तारीख खरी आहे, परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेल्या जमिनीला तिच्यातून सूट आहे, त्यामुळे काकूंनी धीर सोडू नये. माझा पहिला प्रश्न असा की, वारस फेरफार झाला आहे का? मृत्यूचा दाखला कितीही जपला, तरी सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय त्यांचा अर्ज उभाच राहत नाही. तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज करावा; नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. घरातले दुःख ओसरेपर्यंत ही नोंद मागे पडते आणि मग वर्षानुवर्षे मयताचेच नाव राहते, हे मी नोकरीत फार पाहिले.

सेवा केंद्र चालक:
नोंद झाली की शेतकरी ओळख क्रमांक काढून काकूंच्या नावाने नवी नोंदणी करावी आणि काकांची जुनी नोंदणी मृत्यूच्या कारणाने बंद करण्यासाठी तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. काकांच्या पश्चात आलेले हप्ते खर्च करू नका, ते परत मागितले जातात. कापूस वेचून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असल्या आणि ई-केवायसी होत नसली, तर मोबाईल अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही ती करता येते. खात्याबाबत विशेष सांगतो: पैसे पासबुकातल्या खात्यावर नव्हे, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. आमच्याकडे एक आजी वर्षभर रिकामे पासबुक भरून घेत होत्या. त्यांचे सगळे हप्ते लाडकी बहीणसाठी उघडलेल्या पोस्टाच्या खात्यात पडून होते. नमो शेतकरीसाठी वेगळा अर्ज नाही, पीएम किसानच्या यादीवरूनच ती रक्कम येते.

मक्त्याने कसणारा:
माझ्या नावावर एक गुंठाही नाही, त्यामुळे घाम माझा असला तरी हा पैसा जमीनमालकाच्या खात्यात जातो. तुमच्या काकूंचा तर हक्काचा सातबारा आहे, म्हणून कळकळीने सांगतो, नोंद लांबवू नका. पीककर्ज आणि अतिवृष्टीची मदतही त्याच उताऱ्यावर अवलंबून असते.

पुसदकर:
आपणा सर्वांचा आभारी आहे. आताच मोबाईलवर सातबारा पाहिला, त्यावर अजून काकांचेच नाव आहे. सोमवारी काकूंना आणि दोन्ही चुलत भावांना घेऊन तलाठी कार्यालयात जात आहे.