मदत हवी आहे : विहिरीतला काळा पाषाण आणि सालेकशाचा गुलाबी दगड, चिठ्ठ्या कशा लावू?

काळीमाती (ता. दारव्हा): शाळेच्या खडक-पेटीसाठी तीन नमुने आहेत. विहिरीतला ३५ फुटांखालचा काळा पाषाण, त्याच विहिरीतला पांढऱ्या ठिपक्यांचा दगड आणि सालेकशाहून (जि. गोंदिया) आलेला गुलाबी, जाड दाण्यांचा. गडद तो बाह्यनिर्मित (वर येऊन थिजलेला), फिका तो अंतर्निर्मित (जमिनीत खोल थिजलेला), हे चालेल का?

पाषाणभेद: नाही चालणार. रंगावरून खनिजं कळतात, दगड कुठे थिजला ते नाही. गॅब्रो नावाचा दगड काळाच असतो, पण जमिनीत खोल थिजलेला. तुम्हाला दाणा बघावा लागेल, तोही ताज्या फोडीवर. कुजलेल्या बेसाल्टची (म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची) साल तपकिरी, रवाळ होते आणि जाड दाण्यांचा भास होतो. डोळ्यांवर चष्मा लावून घणाने फोडा, फोड ओली करा, उन्हात दहा पट भिंगातून बघा. दाणे १ मिमीहून बारीक असतील, तर बहुधा लाव्हा वर येऊन भराभर थिजला. ५ मिमीच्या पुढचे, एकमेकांत गुंतलेले असतील, तर शिलारस (वितळलेला खडक) खोलवर सावकाश निवला.

ठिपक्यांची कड बघा. गोल किंवा लांबट असेल तर ते वायूचे बुडबुडे, नंतर झिओलाइट, कॅल्साइट वा गारगोटी अशा खनिजांनी भरलेले. कड सरळ, कोनदार असेल तर फेल्स्पार या खनिजाचे स्फटिक, उद्रेकाआधी खालीच तयार झालेले. तरीही चिठ्ठी बाह्यनिर्मितचीच, कारण भोवतालचा बारीक दगड काय ते ठरवतो. कॅल्साइट तपासायला ठिपका खरवडून भुकटीवर लिंबू पिळा, फसफसलं तर कॅल्साइट. अख्ख्या तुकड्यावर फसफस कधी कधी दिसतच नाही.

मुरूमवाला: तोलून बघा ना जी. हवेत ५०० ग्रॅम भरणारा तुकडा दोरीने टांगून पाण्यात बुडवला की बेसाल्टचं वजन साधारण १७० ग्रॅम घटतं, ग्रॅनाइटचं १९०.

पाषाणभेद: बरोबर, पण तेही खनिजंच सांगतं. सालेकसा भागात तर ग्रॅनाइटही आहे आणि ऱ्हायोलाइटही. दोघांतली खनिजं जवळपास सारखी, वजनही. एक खाली थिजलेला, दुसरा वर. तिथे तराजू उपयोगाचा नाही. आणि गुलाबी दगडात गडद-फिके पट्टे दिसले तर तो नाइस, म्हणजे रूपांतरित (उष्णता-दाबाने बदललेला). त्याला तिसरी चिठ्ठी.

भित्तीचा (जुन्या खडकाच्या भेगेत शिलारस शिरून थिजलेल्या उभ्या पट्ट्याचा) दगड जास्त फसवतो. मधला दगड, डोलेराइट, १ ते ५ मिमी दाण्याचा, कडेचा मात्र थंड खडकाला टेकून झटकन थिजल्यामुळे बेसाल्टसारखा बारीक. म्हणून नमुना नेमका कुठून फोडला ते लिहा.

काळीमाती: विहिरीत दोन काळ्या थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा लागला, तो काय?

पाषाणभेद: लाल बोल. एक लाव्हा थिजला, उघड्यावर कुजला, मग दुसरा त्यावर पसरला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा उघड्यावरच थिजला याचा एवढा सरळ पुरावा दुसरा मिळणार नाही. मुठीएवढा तुकडा कोरड्या डबीत ठेवा, ओला झाला तर चिखल होतो.