पहिल्यांदा स्नोशू घालून बर्फातल्या जंगलात: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या रविवारी पहिल्यांदा स्नोशू (बर्फात कमी बुडावं म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद, चपट्या चौकटी) पायात चढवले. नवशिक्यांसाठीची तीन तासांची सहल, आम्ही आठ जण आणि एक गाईड. परत आल्यापासून ते जंगल डोळ्यांसमोरून हलत नाहीये, म्हणून हा धागा. तुमची पहिली खेप कशी झाली? गाईडने सांगितलेली एखादी बारीकशी गोष्ट, जी आपली आपल्याला सुचली नसती, ती आवर्जून लिहा.

सुरुवात मीच करते. निघण्याआधी गाईडने सगळ्यांना जाड जॅकेट काढून सॅकमध्ये ठेवायला लावलं. बाहेर उणे आठ! तो म्हणाला, "निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे." जॅकेट काढलं, पण आत सुती टीशर्ट होता, ते मी बोलले नाही. पहिल्याच चढाला पाठ घामाने भिजली. पाणी प्यायला थांबलो तर ते ओलं कापड असं गार पडलं की दात वाजायला लागले. लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे घाला असं का सांगतात, ते पाठीलाच कळलं. घाम येण्याआधी एक थर उतरवायचा, थांबलं की लगेच चढवायचा, हे आता पक्कं.

* * *

माझा धडा: मागे पाऊल टाकायचं नाही. स्नोशूला पाऊल फक्त चवड्यापाशी बांधलेलं असतं आणि तिथेच ते बिजागरीसारखं फिरतं. टाच उचलली की शेपटाकडची बाजू बर्फावरून घसटत येते. पुढे चालताना हे सोयीचं, पण मागे सरकलात की तीच शेपटी बर्फात रुतते. मी फोटोसाठी दोन पावलं मागे गेलो आणि बसलोच. उठायला हात टेकला तर तो खांद्यापर्यंत आत! गाईडने हातातले दोन्ही पोल (आधाराच्या काठ्या) एकमेकांवर फुलीसारखे आडवे ठेवायला सांगितले. कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं आणि त्या फुलीवर भार देऊन उठायचं. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. वळायचं असेल तर मोठा अर्धगोल घेऊन वळा.

* * *

छोटीशी भर. पट्ट्यांची बकलं बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत, म्हणजे चालताना एकमेकांत अडकत नाहीत. डावा-उजवा त्यावरूनच ओळखायचा. आणि पट्टे हातमोजे घालून आवळायची सवय घरीच करून जा.

* * *

वय 58, एक गुडघा कुरकुरणारा. स्नोशू घातले की बर्फावर तरंगत चालता येतं अशी माझी समजूत होती. तसं नसतं, हे नव्यांना आधीच सांगायला हवं. वजन जास्त जागेवर पसरतं म्हणून आपण कमी बुडतो, इतकंच. रात्री पडलेल्या भुसभुशीत बर्फात मी तरीही अर्ध्या पोटरीपर्यंत जात होते. सगळ्यात जास्त दम पुढच्याचा निघतो, कारण वाट तो पाडतो. म्हणून गाईड दर काही मिनिटांनी पुढच्या माणसाला बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायला सांगत होती. माझी पाळी तिने टाळली नाही, फक्त लवकर बदलली. तिच्या या समजूतदारपणाबद्दल मला फार आदर वाटतो. चढावर तिने स्नोशूची टाचेखालची दांडी उभी करून दिली. टाच त्या दांडीवर टेकते, पोटरीवरचा ताण कमी होतो.

मला मात्र सांगायचंय ते झाडाबद्दल. स्प्रूसच्या (एका सूचिपर्णी झाडाच्या) फांद्या बर्फाने वाकून जमिनीला टेकल्या होत्या. खाली तंबूसारखी जागा दिसत होती, मी सहज तिकडे निघाले. तिने हात आडवा घातला आणि आपला पोल खोडाच्या बाजूला खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. दाट फांद्या बर्फ झेलतात, त्यामुळे खोडाभोवती तो दाबून भरतच नाही, आत पोकळ खड्डा राहतो. त्यात माणूस पडला तर एकट्याला निघणं कठीण. वरून सगळं सपाट, पांढरं. अजून ती मूठ डोळ्यांपुढे येते.

* * *

हे वाचून अंगावर काटा आला. आम्हालाही "फांद्यांच्या घेराबाहेरून चला" एवढं सांगितलं होतं, कारण आज समजलं.

आमचा निम्मा वेळ ठशांपाशी गेला. पुढे दोन मोठे लांबट ठसे, त्यांच्या मागे दोन छोटे. मी म्हटलं, ससा आपल्याकडे येत होता. गाईड गुडघ्यावर बसला आणि बोटाने दाखवलं: उडी मारताना सशाचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, म्हणजे मोठे ठसे जिकडे, तिकडे तो गेला. त्या ठशांच्या कडा अजून कुरकुरीत होत्या. नंतर त्याने सांगितलं की जाड बर्फाच्या थराखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपासच राहतं आणि तिथे उंदरांचे बोगदे असतात. त्यानंतर माझं प्रत्येक पाऊल जपून पडत होतं.

* * *

चालताना स्नोशूंचा करकर आवाज इतका असतो की दुसरं काही ऐकूच येत नाही. आमच्या गाईडने दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं. ताज्या बर्फात हवेच्या पोकळ्या असतात, त्या आवाज शोषून घेतात. मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, मग कुठेतरी फांदीवरून बर्फ घसरल्याचा हलका धप्प.

पुढच्या शनिवारी नऊ वर्षांच्या मुलीला नेतेय. पाण्याची बाटली उलटी ठेवणार आहे, कारण पाणी वरून गोठतं आणि सरळ ठेवली तर तोंडच बंद होतं. लहान मुलांना घेऊन गेलेल्यांनी कृपया लिहा, किती वेळ चालवलंत?