फक्त दोन मशीनगनवर मॅकी लढत कशी होती?

फोंड्याचा_मॉडेलवाला
नमस्कार मंडळी. या पावसात घरी बसून १/७२ मापाचं मॅकी सी.२०२, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं इटालियन लढाऊ विमान, जोडतोय. नाकावर दोन बारीक नळ्या चिकटवल्या आणि हात थांबला. चतुर्थीच्या सुट्टीत भाच्याला बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय दाखवलं होतं. तिथल्या सी हॉक या जुन्या लढाऊ जेटच्या नाकाखाली २० मिमी तोफांची चार तोंडं. आणि हे १९४१ साली लढाईत उतरलेलं एवढं देखणं विमान, त्याला १२.७ मिमीच्या फक्त दोन? एका व्हिडिओत ऐकलं की इटालियन बंदुका म्हणजे दिवाळीच्या टिकल्या. मॅकीची ही ब्रेडा-साफात मशीनगन खरंच इतकी वाईट होती?

डिचोलीचा_बाबू
टिकल्या कसल्या! तिला स्फोटक गोळी होती. ब्रिटिशांच्या .३०३ इंची (७.७ मिमी) मशीनगनला असली गोळी स्वप्नातसुद्धा नव्हती. दोन पुरे झाल्या.

वास्को_आर्मरर
बाबू, थोडं थांब.

ज्या सी हॉकची गोष्ट चाललीय, तशाच सी हॉकखाली वाकून मी दाबोळीला गोळ्यांचे पट्टे भरलेत. एका तोफेला २०० गोळ्या, म्हणजे घोडा दाबून धरला तर सोळा सेकंदांत खेळ खलास. मॅकी सी.२००ला, म्हणजे सी.२०२च्या आधीच्या विमानाला, बंदुकीमागे ३७० गोळ्या होत्या आणि त्या अर्ध्या मिनिटाहून जास्त पुरत. ऐकायला छान वाटतं ना? पण त्या पुरत, कारण बंदूक सावकाश चालायची.

मोकळी ठेवली तर ब्रेडा-साफात मिनिटाला ७०० गोळ्या झाडते. मॅकीत मात्र ती नाकावर, फिरत्या प्रॉपेलरच्या मागे. पातं समोरून सरकेपर्यंत गोळी सुटता कामा नये, म्हणून इंजिनाशी मेळ घालणारी यंत्रणा, आणि त्यात वेग ५७५ च्या आसपास उतरतो. शिवाय काडतूस आखूड, ८१ मिमी कवचाचं. त्याच मापाच्या अमेरिकन ब्राउनिंग मशीनगनचं ९९. इटालियन गोळी साधारण ३६ ग्रॅमची, सेकंदाला ७६० मीटर. ब्राउनिंगची ४६ ग्रॅमची, ८७० च्या वर. धडकेची ताकद दीडपटीहून जास्त झाली.

आता एका सेकंदात किती शिसं-लोखंड समोर जातं ते बघ. हिशेब माझा, ढोबळ धर. मॅकीच्या दोन मिळून ७०० ग्रॅम. ब्रिटिश हरिकेन विमानाच्या आठ .३०३ मिळून पावणेदोन किलो. सहा ब्राउनिंगवाल्या अमेरिकन किटीहॉक विमानाचे साडेतीन किलोच्या वर. तुझ्या त्या स्फोटक गोळीत दारू किती? एक ग्रॅमसुद्धा नाही. जर्मन २० मिमीच्या पातळ कवचाच्या गोळ्यात अठराच्या आसपास. टाकीला लागली तर आग लावेल, नाही असं नाही. पण पंख फाडायला फार कमी.

बंदूक वाईट नव्हती. अडत नसे, आणि नाकावर असल्यामुळे मारा एकाच रेषेत. पंखातल्या बंदुका ठराविक अंतरावर एकत्र येतील अशा तिरक्या लावाव्या लागतात, लक्ष्य त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे गेलं की मारा विखुरतो. नेमबाज वैमानिकाला नाकावरच्या दोन आवडतात. पण नेमबाज असे किती? बाकीच्यांना शिंपडायला भरपूर गोळ्या लागतात, आणि इथे त्याच नव्हत्या.

फोंड्याचा_मॉडेलवाला
काका, मग पंखात आणखी दोन का नाही बसवल्या?

वास्को_आर्मरर
बसवल्या ना, पण ७.७ मिमीच्या, आणि सी.२०२च्या नंतरच्या मालिकांत. मूळ दुखणं इंजिनाचं. सी.२००चं फियाट इंजिन ८७० अश्वशक्तीचं. एक १२.७ ची बंदूकच २९ किलो, वर गोळ्या आणि पेट्या. तेवढं वजन पंखात टाकलं की चढाई गेली. सी.२०२ला जर्मन डाइमलर-बेंझ मिळालं तरी पंख तेच राहिले. १९४३ला सी.२०५ आणि फियाट जी.५५ आले तेव्हा इटालियनांनी स्वतःच जर्मन २० मिमी तोफा घेतल्या, जी.५५ला तर तीन. हाच निकाल समज.

मुरगावची_नात
विषय सोडून बोलते, माफ करा. १९४३च्या मार्चमध्ये मुरगाव बंदरात जर्मन जहाजांबरोबर आन्फोरा नावाचं इटालियन जहाजही पेटलं होतं. आमची आजी सांगायची, आकाश तांबडं झालं होतं आणि घरात कोणी झोपलं नाही. गोव्यात इटालियन म्हटलं की मला तेच आठवतं, विमानबिमान नाही.

डिचोलीचा_बाबू
बरं, दारूच्या बाबतीत मी हरलो. पण ब्रिटिशांच्या जुन्या दुपंखी ग्लॅडिएटरला तर भारी पडत असतील? त्यालाही चारच .३०३.

वास्को_आर्मरर
इटालियन दुपंखी सीआर.४२ विरुद्ध ग्लॅडिएटर, तिथे १२.७ चा लांब पल्ला उपयोगी, हे कबूल. पण सीआर.४२च्या सुरुवातीच्या विमानांत एकच १२.७ आणि जोडीला ७.७. हरिकेन समोर आलं की वेगातच मागे पडायचं, बंदुकीचा प्रश्न नंतरचा.

मॉडेलवाल्या, तुझ्या डब्यातलं विमान सुरुवातीच्या मालिकेचं असेल तर पंखावरची भोकं बुजव. नाकावरच्या नळ्या प्लास्टिकच्या लावू नकोस, जाड दिसतात. इंजेक्शनची सुई काप, नेमकी बसते. टोक आधी घासून घे, नाहीतर भाच्याला टोचेल.